काशिनाथचा तळहात

कुवेतमधल्या रिग्गईत आमच्या वरच्या मजल्यावर कोकणातल्या सुतारांची खोली होती. खोली म्हणायची सवय, खरं तर दोन खोल्यांचा फ्लॅट होता तो. एका कंत्राटदार कंपनीने सत्त्याण्णव साली आपल्या माणसांसाठी भाड्याने घेतलेला. सगळे संसारी, पण बायकामुलं गावाला, म्हणून इमारतीत त्यांना ‘बॅचलर’ म्हणत. त्यांत वयाने मोठा काशिनाथ मेस्त्री. कुडाळजवळच्या एका वाडीतला. बुटका, रुंद पंजाचा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. आखाती युद्धानंतर पडझड दुरुस्त करायला जी माणसं इथे आली त्यांत तो आला आणि राहिला.

त्या फ्लॅटमध्ये सिलिंडर ठेवायला मालकाची मनाई होती. स्वयंपाकासाठी त्याने विजेची रेंज बसवून दिली होती. वर चार काळे लोखंडी तवे, खाली ओव्हन, पुढे बटणांची रांग आणि भिंतीवर सगळ्याचा मिळून एक लाल स्विच. या माणसांनी जन्मात असली शेगडी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी काशिनाथने आंघोळ करून चारही तव्यांना हळदकुंकू लावलं आणि नारळ ठेवला. नंतर बटण फिरवलं तेव्हा कुंकू तव्यावरच भाजून काळं झालं.

“दादानू, कुंकू लावल्यात तर आता मंगळसूत्रय घाला हेका,” असं लवू म्हणाला. लवू त्याच्याच वाडीचा, वयाने बराच लहान, अखंड बडबड करणारा.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. जाळ दिसत नाही म्हणजे शेगडी बंद, अशी सगळ्यांची समजूत. लवूने बंद केलेल्या तव्यावर खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, पिशवी ठेवली, ती वितळून चिकटली. ओव्हनचं त्यांनी कपाट केलं होतं. पापड, प्लॅस्टिकचे डबे, जुनी वर्तमानपत्रं, सगळं आत. एकदा कोणीतरी चुकीचं बटण फिरवलं आणि धूर जिन्यापर्यंत आला. त्यानंतर आठवड्याच्या आतच एकाने, गावाला निखारे विझवतात तसं, तापलेल्या तव्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तवा तडकला आणि आमच्या मजल्यापर्यंत वीज गेली. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, नूरुद्दीन धावत वर आला. “पूरा बिल्डिंग जलाएगा क्या तुम लोग? मालिक को बोलूँगा, सब को निकालेगा!”

मालकाने काढलं नाही, नवा तवा बसवून दिला. पण काशिनाथ घाबरला. दुसऱ्या दिवशी तो रेंजबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा इथल्या भारतीय शाळेत शिकवत होते. दारातच उभा राहून म्हणाला, “बाईनू, ह्यात काय लिवलला ता सांगा. ह्यो मुको आसा. गॅस तरी बोलता, फुसफुसता. ह्यो काय्येक सांगणा नाय.”

मी वाचत गेले, तो ऐकत गेला. मध्ये थांबवून विचारायचा, “म्हणजे कसा?” पुस्तकात ‘सपाट बुडाची भांडी’ असं होतं. घरी गेल्यावर त्याने गावाहून आणलेली गोल बुडाची कढई कागदात गुंडाळून ट्रंकेत टाकली. ओव्हन रिकामा केला. दारावर ओलं फडकं वाळत घालायचं नाही, पातेल्याचे दांडे बाहेर काढून ठेवायचे नाहीत, उतू गेलेलं खरवडायचं ते तवा निवल्यावर, पुसताना भिंतीवरचा स्विच बंद. पुसून कोरडा केलेल्या तव्याला तो तेलाचं बोट फिरवायचा, गंज चढू नये म्हणून. भात शिजत आला की बटण आधीच बंद करायचा आणि उरलेल्या धगीवर तो मुरू द्यायचा. असल्या गोष्टींत त्याला गंमत वाटायला लागली होती.

आणि एक त्याची स्वतःची पद्धत होती, ती पुस्तकात नव्हती. जेवणं झाल्यावर तो रेंजपाशी उभा राहायचा आणि एकेका तव्यावर वीतभर उंच तळहात धरायचा. मग हात खाली, आणखी खाली. मग म्हणायचा, “थंड झालो.” म्हणजे तवा निवला. त्याने तसं म्हटल्याशिवाय त्या घरात कोणी रेंजला हात लावत नसे. नवीन माणूस आला की लवू त्याला आधी हेच सांगायचा. “रेंजीचो देव ह्यो. ह्येचो हात फिरल्याबिगर फडक्यान शिवूक जाव नुको.”

बरीच वर्षं त्या खोलीत कोणाला साधा चटका बसला नाही.

मग काशिनाथच्या हातातून खिळे पडू लागले. शटरिंगच्या कामात तोंडात खिळे धरून एकेक काढायचा, तर बोटांत आला की नाही हे त्याला कळेना. पायातली चप्पल निसटली तरी चार पावलं पुढे जायचा. साखरेचा आजार जुना होता, गोळ्या कधी घ्यायचा, कधी नाही. कंपनीचा सुपरवायझर विजयकुमार स्वभावाने वाईट नव्हता. त्याने काशिनाथला साइटवरून काढलं आणि खोलीवर स्वयंपाकाला ठेवलं. कागदावर सुतारच. “जेवण वेळेवर मिळालं की माणसं वेळेवर कामावर येतात,” असं तो म्हणाला. अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे चालू राहिला.

काशिनाथला हे काम जड गेलं नाही. उलट मला वाटतं त्याला ते आवडत होतं. सकाळी डबे, संध्याकाळी सगळे ताटं घेऊन गोल बसलेले, आणि मध्ये तो. लवू मुद्दाम म्हणायचा, “आजची आमटी म्हणजे नुसता पाणी, दादानू.” आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यायचा. काशिनाथ पळी उगारायचा. दोन वर्षांनी एकदा गावाला जायचा आणि सुट्टी संपायच्या आधीच परतायचा. मी विचारलं तर म्हणाला, “गावाक गेलंय काय मी पावणो, बाईनू. झील माझो, अक्षय, माका चाय देता नि बाजूक जाता. घरातला काय्येक माझ्यावांचून अडाक नाय. हय सगळी माझी वाट बघतत.”

दोन हजार चारच्या उन्हाळ्याआधी तो जाब्रियाच्या एका दवाखान्यात गेला होता. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, त्यानेच मला नंतर सांगितलं. तिथे विनिता नावाची पुण्याची नर्स होती. तिने त्याचे डोळे मिटवून बोटांना टाचणी टोचली आणि “टोचतंय का?” विचारत राहिली. तो अंदाजाने हो म्हणत राहिला. शेवटी ती म्हणाली, “काका, डोळे उघडा. मी मघापासून टोचतच नाहीये.” मग तिने समजावून सांगितलं की साखरेने बोटांच्या नसा गेल्या आहेत आणि गरमथंड आता हाताला विचारायचं नाही. “कामाला कुठे आहात?”

“सुतार,” तो म्हणाला.

खोलीवर सांगितलं तर विजयकुमारच्या कानावर जाणार. जो साइटवर नको आणि शेगडीवरही नको, त्याला ठेवणार कोण? गावाला जायचं म्हणजे पडवीत बसायचं. म्हणून काशिनाथ गप्प बसला. पण तो बेफिकीर माणूस नव्हता. बटण बंद केलं की मनात वेळ धरायचा. सगळ्यांची जेवणं होऊन, ताटं घासून, ओटा पुसून होईपर्यंत तवे निवतात हे त्याला इतक्या वर्षांत पाठ होतं. रेंज चालू असली की पेटणारा बटणांजवळचा छोटा दिवा बंद आहे ना ते पाहायचा. मगच रेंजपाशी जायचा आणि पूर्वीसारखाच तळहात धरायचा, वीतभर उंच, मग खाली, आणखी खाली. हाताला काही कळत नव्हतं. तो धरायचा, कारण सगळे त्याच्या हाताकडे बघत असत.

असे काही महिने निभावले.

जुलैतला शुक्रवार होता, सुट्टीची दुपार. बाहेर धुळीचं वादळ, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली. लवूला मुलगी झाल्याची बातमी आली होती, म्हणून खीर केली होती. मी त्यांचं एक पातेलं परत द्यायला वर गेले, तर मला बसवूनच घेतलं. जेवणं नेहमीपेक्षा लवकर आणि भराभर झाली, कारण रुमैथियाहून लवूचे गाववाले त्याला भेटायला यायचे होते. खीर उतू जाऊन मागच्या मोठ्या तव्याभोवती करपली होती. लवूला ते पाहुण्यांना दिसायला नको होतं. तो घासणी घेऊन उभा राहिला.

“दादानू, बघा मा. थंड झालो काय?”

काशिनाथचं जेवण अजून व्हायचं होतं. तो ताटावरून उठला. दिवा बंद होता, तव्यांची बटणं त्यानेच बंद केली होती. रोजच्यापेक्षा कमी वेळ गेला आहे हे त्याला कळत होतं. हे त्याने मला नंतर सांगितलं. पण सगळे उभे होते, मी बसले होते, लवू हसत होता. थांब म्हणायला काय झालं होतं? पण इतकी वर्षं हात धरून तो ‘थांब’ म्हणायचा तो हाताला धग कळली म्हणून. त्याच्या हाताला काहीच कळलं नव्हतं.

“थंड झालो,” काशिनाथ म्हणाला.

लवूने जोर लावायला डावा पंजा शेजारच्या तव्यावर टेकला आणि उजव्या हाताने घासायला वाकला. तो ओरडला तेव्हा मला आधी वाटलं चेष्टा करतोय. मग वास आला.

काशिनाथने झटकन त्याचं मनगट धरलं, सिंकपाशी ओढत नेलं आणि थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडून हात त्याखाली धरला. चटक्यावर पाणी, हे बरोबरच होतं. पण कुवेतचा जुलै. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी थंड नळालाही हात लावू देत नाही. म्हणून आम्ही सगळे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्याच्या टाकीतलं पाणी थंड म्हणून वापरतो. त्या घरातही तसंच करत. घाईत काशिनाथचा हात जुन्या सवयीने थंड नळाकडेच गेला.

लवू पहिल्याहून मोठ्याने ओरडला. हात सोडवायला धडपडू लागला. काशिनाथला वाटलं वेदनेने करतोय, म्हणून त्याने मनगट आणखी घट्ट धरलं. त्याचा स्वतःचा हात त्याच धारेखाली होता.

“सोडा! दादानू, पाणी कढत आसा! कढत आसा ता!”

मी फ्रिजमधल्या बाटल्या घेऊन धावले. कोणीतरी लवूला मागे ओढलं. काशिनाथ तिथेच उभा राहिला. नळ वाहत होता, वाफ निघत होती आणि त्याचा हात त्याखाली तसाच होता, लाल होत चाललेला. तो आपल्या हाताकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. खोलीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

लवूचा पंजा बरा झाला, पण दोन बोटं नंतर पुरती मिटेनात. दवाखान्यातून आल्यावर त्याने विजयकुमारला सांगितलं, “माझीच चूक, साहेब. न विचारता हात ठेवला.” विजयकुमारने मान डोलावली. त्याला तेवढं पुरे होतं. बाकीचेही गप्प बसले असते.

दुसऱ्या दिवशी काशिनाथ स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. भाजलेल्या हाताला मलम आणि पट्टी. “सायबानू, लवूचो दोष नाय. मिया त्येका सांगितलंय, थंड आसा म्हणान. माका हातांक काय कळना नाय. कधीपासना कळना नाय.”

“हे तू मला आता सांगतोस?” विजयकुमार म्हणाला. “काशिनाथ, सांग तूच. मी तुला आता कुठे लावू?”

“लावू नका. सोडा.”

तिकीट यायला वेळ लागला. तोवर तो स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसून असायचा. लवू एका हाताने डाळ शिजवायचा आणि सारखा बडबडायचा, की कुठे शांतता होऊ नये. एक दिवस न राहवून म्हणाला, “तुमी गेल्यार आमका कोण सांगतलो, थंड झालो म्हणान?”

“कोणाचा आयकू नको,” काशिनाथ म्हणाला. “घड्याळ बघ.”

निघताना तो मला भेटायला आला. दाराशीच उभा राहिला, चहा नको म्हणाला. मी म्हटलं, “तुमच्या हाताखाली इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही, तेही लक्षात ठेवा.” तो माझ्या खांद्याकडे बघत राहिला आणि मान हलवून गेला.

वर्षभराने त्याच्या बायकोचा, मालनचा फोन आला. माझा नंबर लवूने दिला होता. आमची ओळख नव्हती, पण ती जुन्या ओळखीसारखी बोलली. मालन म्हणाली, “बाईनू, एक इचारूचा होता. ते थय नेमका काय करीत? हय नुसते पडवीत बसतत. चुलीकडे येनत नाय, पाणी तापत ठेवलंय तर उठान लांब जातत. इचारला तर बोलनत नाय.”

“तुम्हाला त्यांनी काहीच सांगितलं नाही?”

“सुतारकी करीत, तेवढा ठावक.”

मी तिला सांगितलं, की शेवटची वर्षं ते सगळ्यांसाठी स्वयंपाक करत. सकाळचे डबे, संध्याकाळचं जेवण.

“रांदप? ह्येनी?” मालन म्हणाली, “हय कधी तांब्यो उचलूक नाय त्येंनी. काय काय करीत?”

मी आठवून सांगत गेले. आमटी, उसळी, सुक्या बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी. शुक्रवारी खीर.

मालनने फोन तोंडापासून लांब धरला असावा. तिचा आवाज पडवीच्या दिशेने गेला, “अवो, तुमका पिठी करूक येता?”

मी कान देऊन थांबले. त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही.