भीती टाका इथं

परीक्षेच्या दिवशी मौलवीसाहेब वर्गाच्या दारात आपली गोंड्याची टोपी उलटी धरून उभे राहत. "भीती टाका इथं. परीक्षा झाली की परत न्या," असं प्रत्येकाला सांगत. मुलं मूठ उघडून काहीतरी टाकल्यासारखं करत आणि हसत आत शिरत. भीती परत मागायला कुणी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

निजामाच्या काळात लोहाऱ्याच्या शाळेत ते उर्दू आणि हिशेब शिकवत. मी मराठीचा नवा मास्तर. दरारा असलेले मास्तर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. यांचा दरारा शाळेच्या अंगणात शिरणाऱ्या शेळ्यांपुरता.

वर्षाकाठी मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येत. जिल्ह्यातल्या साऱ्या शाळांना सवाल तेच, आणि तेही उर्दूत. घरात कानडी आणि गल्लीत मराठी बोलणारी आमची पोरं साहेबांची शेरवानी पाहूनच गार पडत. वाण्याची बसव्वा एरवी तोंडी हिशेब झटक्यात सोडवी, पण परीक्षेत तिची वाचाच जाई. तिच्या बापानं सांगून ठेवलं होतं, "औंदा नापास झाली की लगीन."

त्या वर्षीचे साहेब नवे होते. जाडजूड, घामाघूम. ते बैलांच्या दमणीतून उतरताच मौलवीसाहेबांनी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं.

"साहेब, सवाल तुमचेच राहू द्या. फक्त शेरवानी काढा."

"म्हणजे?"

"म्हणजे आज तुम्ही माझे मेहुणे. जरा मंद."

यांची नोकरी गेली, असं मी धरून चाललो. पण उकाड्यानं म्हणा की गंमत वाटून म्हणा, साहेबांनी गुंड्या सोडायला सुरुवात केली.

वर्गात मौलवीसाहेब म्हणाले, "हे माझे मेहुणे. हिशेबात लई कच्चे. कुणी शिकवतं का?"

साहेब तरटावर मांडी घालून बसले आणि आपले ठरलेले सवाल अडल्यासारखे विचारू लागले. बसव्वा आधी लांबूनच सांगत होती, मग सरकत सरकत त्यांच्यापुढं येऊन बसली. उर्दूत अडली की मराठीत सांगे, तिथं अडली की कानडीत. साहेबांनी एक भागाकार चुकवला. मुद्दाम की खरोखर, ते मला आजवर कळलेलं नाही.

"आसं न्हाय," बसव्वा म्हणाली. "पुसा, अन् पयल्यापासून करा."

दुपारी साहेबांनी शेरवानी चढवली आणि बसव्वाचा चेहरा पांढरा पडला. साहेब म्हणाले, "बेटी, तुझी परीक्षा झाली. तू पास. आता माझं काय ते सांग."

तिनं खरोखर विचार केला. "तुमी आजून एक वरीस बसा," ती म्हणाली.

साहेब डोळे पुसत हसले. लग्न पुढं गेलं.

सगळेच साहेब असे नसत. काही जण शेरवानी काढत नसत, आणि पोरं नापास होत. अशा संध्याकाळी मौलवीसाहेब नापास झालेल्या पोराच्या घरी जाऊन बसत आणि म्हणत, "माझी बी एक भाकर टाका." पाहुण्यासमोर बाप हात उगारणार कसा? जेवण लांबवत लांबवत ते त्याचा राग निववत, आणि पोरगं शाळेत राहील असं कबूल करून घेऊनच उठत.

पुढं निजामी गेली. शाळा मराठी झाल्या आणि उर्दूच्या मास्तरांनी मराठीची परीक्षा द्यावी असा हुकूम आला. मी त्यांना शिकवू लागलो.

"ज्वारी ती, बाजरी ती. मग एकट्या गव्हानंच काय केलं?" ते विचारत. मी पाटीवर 'तो गहू' लिहून पुढचा शब्द घेई.

परीक्षा देऊन ते माकणीला लेकीकडं राहायला गेले. निकाल यायला उशीर झाला. ते पास झाले होते. ही बातमी मीच सांगणार म्हणून माकणीला गेलो. लेक दारात उभी होती. आठवड्यापूर्वीच ते वारल्याचं तिनं सांगितलं. निकाल घेऊन आलोय, एवढंच मी कसंबसं सांगितलं, तर ती आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"अब्बा सांगून गेलेत," ती म्हणाली. "निकाल आणील त्याचं तोंड गोड करा."

पास की नापास, हे तिनं विचारलंच नाही.