हमदूनच्या होडीतला चहा

हिवाळ्याची सकाळ. उत्तरेचा वारा नाईलवरून कानशिलं सोलत येत होता आणि हमदून होडीच्या तळातलं पाणी डब्यानं उपसत शिव्या घालत होता. आधी वाऱ्याला, मग इंजिनाला, मग धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला. रोजचंच. चांगलं म्हणावं असं त्याला जगात काही सापडलं नव्हतं. मुलगी विदाद तेवढी सोडून.

आम्ही सगळे फिलीच्या देवळाला पाहुणे पोचवणारे नावाडी. दिवस मावळला की दिव्यांच्या खेळाची खेप. पाहुणे देवळात शिरतात, आम्ही बेटाच्या काठाला होड्या बांधून शेकोटीवर किटली ठेवतो. वर भिंतींवर निळा-जांभळा उजेड पडतो, कर्ण्यातून इसिस देवी नवऱ्यासाठी गळा काढते, आणि खाली हमदूनचं तोंड सुटतं.

"धरण झालं तेव्हा हिचं देऊळ दगड न् दगड उचलून उंचावर आणून बसवलं. माझ्या बापाचं घर खजुरींसकट गेलं पाण्यात, तेव्हा नाही कुणी कर्णा लावला. आता त्याच पाण्याच्या विजेवर ही रडतीय."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून आम्ही गप्प ऐकायचो.

या दिव्यांची बटणं दाबायचा रजब. एद्फूचा पोरगा, सरळ. त्यानं चुलत्याकरवी विदादला मागणी घातली होती. हमदूननं चुलत्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. परक्या गावचा, त्यात बटण दाबणारा. उद्या वीज गेली तर हा काय काड्या ओढणार का, असं वर ऐकवलं. विदाद बापाला म्हणाली, लग्न करीन तर रजबशी. तेव्हापासून ती ताट वाढायची आणि न बोलता आत जायची. बापही हट्टाचा. नात्यातला एक बिजवर, दोन होड्यांचा मालक, त्याला त्यानं येत्या शुक्रवारी फातिहा वाचायला बोलावून ठेवलं होतं. एकदा ती वाचली की सोयरीक पक्की.

त्या संध्याकाळी बटणांवर दुसरा माणूस होता. रजब पायऱ्या उतरून खाली आला, सलाम करून हमदूनच्या होडीत बसला. होडीत पाय ठेवलेला वैरी असला तरी त्याला चहा द्यावा लागतो. हमदूननं तोंड वाकडं करून पेला भरला. रजबनं तो पुढ्यातल्या फळीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

याचा अर्थ आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतो. मागणी घेऊन आलेला माणूस चहाला तोंड लावत नाही. यजमान 'पी' म्हणाला की मागणी मान्य. नकार द्यायचा तर पेला उचलून ओतून टाकायचा.

आमच्यातला ताहा म्हातारा खोकला. मीही खाकरलो. पण हमदूनचं लक्ष वर. कर्ण्यातून कुणी राजा गरजत होता.

"ऐका. मी अमुक करीन, मी तमुक करीन. अरे पण बोलतोय कोण? कुठल्या तरी खोलीत बसून कुणीतरी बरळून गेला, पैसे घेऊन घरी गेला. ज्या शब्दाला धनी नाही तो शब्द नव्हे, पाद." मग त्याची नजर पेल्यावर गेली. "आणि तू काय मूर्तीसारखा बसलायस? निवतोय तो. पी की लेका."

रजबनं पेला उचलला आणि तळाच्या पत्तीपर्यंत प्यायला.

"काका, तुमचं घर भरलेलं राहो," तो हळूच म्हणाला.

हमदून रिकाम्या पेल्याकडे बघत राहिला. मग आमच्याकडे. शेकोटीच्या उजेडात त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं. ताहाला त्याची दया आली.

"चुकून निघालं म्हण, हमदून. आम्ही काही ऐकलं नाही."

"म्हणजे मी कोण?" हमदून त्याच्यावरच उखडला. "तो वरचा कर्णा?"

हमदूननं रजबकडे न बघताच सांगितलं, शुक्रवारी चुलत्याला घेऊन ये, त्या बिजवराला काय सांगायचं ते मी बघतो.

"आणि तो पिवळा दिवा कमी कर," तो म्हणाला. "देवी कावीळ झाल्यासारखी दिसतीय."

रजब पायऱ्या चढून गेला. खेळ संपायला अजून अवकाश होता. पाहुण्यांनी येताना संत्र्याची सालं बाकांच्या फटीत कोंबली होती. हमदून गुडघे टेकून ती नखानं उकरून काढायला लागला.