काकीने पाणी सोडलं

अन्याय माझ्या काकीवर झाला, गेल्या नागपंचमीला, सकाळी. चौक-कर्जत रस्त्यालगत वरचं खाचर तिचं. खालचं एका निवृत्त साहेबांनी विकत घेतलं, बंगला बांधला, हिरवळ लावली. काकीच्या खाचरातलं जास्तीचं पाणी बांधातल्या मोरीतून खाली आणि तिथून ओढ्याला जायचं. साहेबांच्या जन्माआधीपासून जायचं. त्या सकाळी साहेबांनी बाहेरची माणसं आणून मोरीत दगडमाती भरली. दिवस बरोब्बर निवडला. नागपंचमीला आमच्याकडे कुणी जमिनीत कुदळ घालत नाही. दुपारपर्यंत काकीची रोपं शेंड्यापर्यंत बुडाली. भात पाण्यात वाढतं, हे खरं. पाण्याखाली वाढत नाही.

मी काकीला घेऊन बंगल्यावर गेले. पिशवीत 'पाणी अडवणाऱ्यांनो, जाब द्या' अशी पत्रकं होती. छापली होती दुसऱ्या गावासाठी, पण जाब तोच.

साहेब व्हरांड्यात शहरातून आलेल्या चार-पाच जणांना शिकवत होते: प्राचीन तत्त्वज्ञान रोजच्या जगण्यात कसं आणावं. आम्हालाही चटई दिली. शांत माणूस. समोरच्या जाडजूड पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, "मावशी, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. पाऊस तुमच्या हातात आहे का?"

"नाय."

"मग त्रास कशाला? त्या विषयावर पाणी सोडा."

शिष्यांनी माना डोलावल्या. मी तोंड उघडलं तर काकीने माझा दंड धरला. "चल गं. साहेब बोलतात ते बरोबर हाय."

वाटेत मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "आज सण हाय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी उघडीप होती, म्हणून शिष्य हिरवळीवर ध्यानाला बसले होते. काकीने कुदळीने मोरी मोकळी केली. तुंबलेलं पाणी खाली गेलं आणि शिष्य चटयांसकट उठले. साहेब चपला हातात घेऊन बांधाशी आले. मनःशांती बहुधा व्हरांड्यातच राहिली होती.

"मावशी, हे काय केलंत?"

"तुमीच बोललात ना, पाणी सोडा. सोडलं."

"अहो, तसं म्हणतात फक्त."

"तुमी म्हणता. आमाला सोडावं लागतं."

निम्मी रोपं वाचली. मग साहेबांनी मोरीत सिमेंट ओतलं आणि कुदळीचं काम संपलं. पंचायतीत गेलो, तर तिथे सामोपचाराने घ्या म्हणाले. म्हणजे काकीने घ्यायचं.

तसली पुस्तकं मीही वाचते. हाताबाहेरचं सोडून द्यावं, हे त्यात आहेच. पण दुसऱ्याच्या हाताबाहेर आपण काय काय नेऊन ठेवलंय, ते वाचणाऱ्याने स्वतः उठून बघायचं असतं.

यंदाची लावणी तोंडावर आहे. काकीची रोपं तयार आहेत, मोरी बंद आहे. तुमचा बंगला कर्जत-खालापुरात कुणाच्या शेताखाली असेल, तर हे पान मिटा, कुंपणापाशी जा, वरच्या शेताची मोरी बुजवली असेल तर फोडा. आजच.