तेविसाव्या वर्षीचा मोतीबिंदू

तेविसाव्या वर्षी, एका रविवारच्या दुपारी, मला मोतीबिंदू, गुडघ्यांची झीज, साखर, थायरॉइड, हर्निया आणि प्रोस्टेट असे सहा आजार झाले. शिवाय दोन सिझेरियनही होऊन गेली होती. हे सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि खाली ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीपुढे बरोबरची खूणही केली होती!

झालं असं, की मला जर्मनीला शिकायला जायचं होतं. सांडपाणी शुद्ध कसं करायचं, हा विषय. एका लहानशा गावातल्या विद्यापीठानं प्रवेश दिला होता, आणि त्या दिवसापासून मी पाचोऱ्यात फक्त देहानं राहत होते. आई वरणाला फोडणी द्यायची आणि मला नदीकाठच्या ग्रंथालयातली लाकडी टेबलं दिसायची. कुकरची शिट्टी व्हायची आणि माझी आगगाडी देवदारांच्या रांगांमधून निघायची. कुणी हाक मारली की मी आधी ‘हो’ म्हणायचे आणि मग विचारायचे, ‘काय?’

व्हिसासाठी आरोग्य विमा लागतो. त्याचा फॉर्म मोबाइलवर दहा मिनिटांत भरता आला असता. पण आमचे नाना, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. आयुष्यभर जनगणना आणि मतदार याद्या केलेला माणूस. फॉर्म म्हटला की ते आधी हात धुतात!

“कॉम्प्युटर घे. चष्मा आण. मी सांगतो, तू भर,” नाना म्हणाले आणि शेजारी खुर्ची टाकून बसले.

नाव, गाव, जन्मतारीख इथपर्यंत मी जागी होते. मग प्रश्न आला आजारांचा. त्यात कुठंतरी ‘कुटुंब’ असा शब्द होता. बस्स! कुटुंब म्हटल्यावर नानांच्या अंगात जनगणना संचारली.

“अक्कापासून सुरू करू. वयानं मोठी.”

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. आमच्याकडेच राहते. ती ओट्यावर शेंगा निवडत होती. तिथूनच म्हणाली, “मना गुडघा लिखात का?”

“लिहितेय,” मी म्हणाले.

“डोयाबी लिख. साखरबी शे. बठ्ठं लिखी टाक, काही लपाडू नको.”

तिचं सगळं, काही न लपवता, लिहून झालं. मग आईचा थायरॉइड आणि दोन सिझेरियन (त्यातलं एक मी स्वतः!). मग नानांनी नशिराबादच्या काकांना फोन लावला. काकांनी हर्नियाची हकिकत टाक्यांसकट सांगितली. मग बोदवडच्या मामांना. मामा फोनवर जरा लाजले, म्हणाले, “पोरीसमोर कसं सांगू?” नाना म्हणाले, “सरकारी काम आहे, सांगा.” (ते सरकारी नव्हतं, पण मामांनी सांगितलं.)

या सगळ्या वेळात मी काय करत होते? टाइप करत होते. नाना शब्द सांगत होते, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा सांगत होते, आणि माझी बोटं चालत होती. मी मात्र त्या ग्रंथालयाच्या खिडकीत होते. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता आणि माझ्या हातात कसलंतरी गरम पेय होतं, त्याचं नावही मला येत नव्हतं. प्रत्येक आजारापुढे एक लहान चौकट होती, ‘कोणाला?’ अशी. त्यात आपोआप ‘स्वतः’ असा शब्द येत होता. तो बदलायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं.

मंगळवारी विमा कंपनीतून फोन आला. बाई फार मायेनं बोलत होत्या.

“वृषालीताईंच्या घरून कोण बोलतंय?”

“मीच बोलतेय. वृषाली.”

“तुम्ही... बोलू शकताय?”

“हो की!”

“ताई, तुमचं वय तेवीस लिहिलंय. ते त्र्याऐंशी आहे का?”

मग त्यांनी सगळी यादी वाचून दाखवली. प्रोस्टेटपाशी त्यांचा आवाज हलला. मी चूक कबूल केली, पण त्यांच्या हातात आता काही नव्हतं. एकदा आजार लिहिले की तपासणी आलीच. जळगावात शनिवारपर्यंत वेळ नव्हती. उद्या धुळ्याला एका दवाखान्यात वेळ होती. आणि शुक्रवारी माझी मुंबईत व्हिसाची वेळ होती. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, म्हणजे तोवर जर्मनीतला वर्ग सुरू होऊन सांडपाणी माझ्याशिवाय शुद्ध झालं असतं!

बुधवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. मी, नाना आणि अक्का. अक्का का? तर, “ज्यानं दुखनं त्याले इचारतीन ना?” या तिच्या प्रश्नावर नानांनी तिसरं तिकीट काढलं.

पारोळ्याच्या पुढे मी खिडकीला डोकं टेकलं. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकला होता. काटेरी फांद्यांवर पांढरे पुंजके, मैलच्या मैल. ऊन कोवळं होतं, बस डुलत होती, आणि मी धुळ्याच्या वाटेवर हिमाच्छादित प्रदेशातून चालले होते. व्हिसा नाही, विमा नाही, आणि चेहऱ्यावर हसू! नाना दोनदा म्हणाले, “अगं, तब्येत बरी आहे ना?”

दवाखान्यात शिरलो तर दारातच चाकांची खुर्ची घेऊन एक सिस्टर उभ्या. यादी वाचून त्यांनी तयारी ठेवली होती. नाना कागद द्यायला खिडकीकडे गेले. मी भिंतीवरच्या एका कॅलेंडरापाशी थांबले, कारण त्यावर बर्फाचा डोंगर होता. त्या डोंगराच्या पायथ्याशी एक लहान घर होतं. त्या घरात कोण राहत असेल, सकाळी दार उघडताना बर्फ आत पडत असेल का, असा विचार करत मी उभी होते.

मागे सिस्टर विचारत होत्या, “वृषाली कोण?”

“मनीच शे,” अक्का म्हणाली. म्हणजे ‘माझीच आहे.’

सिस्टरांनी ऐकलं ‘मीच शे.’ त्यांनी खुर्ची पुढे केली. बसमध्ये तीन तास आखडलेले गुडघे घेऊन अक्का खुर्चीत बसली. “बरं जयं व माय,” म्हणजे ‘बरं झालं गं बाई,’ असा आशीर्वाद तिनं दिला आणि ती थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली.

पुढचं मला नंतर डॉक्टरांकडूनच कळलं. त्यांनी यादी हातात घेऊन अक्काला तपासलं. गुडघे जुळले. मोतीबिंदू जुळला. साखर जुळली. वय जुळेना, पण ते टायपिंगची चूक असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

“आजी, जर्मनीला कशाला?”

अक्काला वाटलं, भाचीबद्दल विचारताहेत. “शिकाले.”

“काय शिकणार?”

“गटारनं पानी साफ करानं.”

“अहो, पण या वयात?”

“आते नही जावानं त कवय जावानं?” अक्का ठसक्यात म्हणाली.

वीस वर्षांच्या धंद्यात इतका जिद्दीचा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. पण कर्तव्य म्हणून त्यांनी जड हातानं लिहायला घेतलं, ‘प्रवासास असमर्थ’. ‘अस’पर्यंत आले होते, तेवढ्यात नाना आत धावले. “साहेब, थांबा! ही नव्हे!” आणि मागोमाग मी, कॅलेंडरातून नुकतीच उतरलेली.

नानांनी खिशातून पेन काढलं. कागदावर रकाने आखले. आजार एकेक करून ज्याच्या त्याच्या मालकाला परत केला. डॉक्टर आधी डोळे पुसत हसले, मग मला तपासलं. मला काहीही नव्हतं. साधी सर्दीसुद्धा नाही!

“मास्तर, या यादीत घरातले सगळे आहेत,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही कुठं आहात?”

“मला काही नाही.”

“हात द्या बघू.”

पट्टा फुगला, सुटला. डॉक्टरांनी पुन्हा फुगवला. हसणं थांबलं. “वरचं एकशे नव्वद आहे.”

“आत्ता जिना चढून आलो ना, म्हणून असेल.”

“मास्तर, दवाखाना तळमजल्यावर आहे.”

मग कळलं, की दोन महिन्यांपासून नानांना शाळेत फळ्यापुढे उभं राहिलं की गरगरत होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. जन्मात फॉर्मात खोटं न लिहिणाऱ्या माणसानं आपली ओळ तेवढी कोरी ठेवली होती.

“सांगितलं असतं तर हिचा पाय निघाला नसता घरातून,” नाना डॉक्टरांना म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही.

मी साऱ्या खानदानाची दुखणी माझ्या नावावर लिहून घेतली होती. आणि ज्यांना विचारायला हवं होतं, ते तासभर शेजारी बसून मला स्पेलिंग सांगत होते! मला रडू आलं. “मी नाही जात,” मी म्हणाले.

“का?” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या यांनी घ्यायच्यात. तुम्ही नाही.”

“मी घेईन की,” नाना म्हणाले. “रोज. लिहून देऊ का?”

“मी देसू त्याले,” अक्का म्हणाली. “तू जाय.” ती अजून चाकांच्या खुर्चीतच होती. उतरायचं तिच्या मनात दिसत नव्हतं.

अहवाल त्याच दिवशी कंपनीला गेला, गुरुवारी विमा आला, शुक्रवारी मुंबईला सगळे कागद बरोबर निघाले. नानांचं डोकं आठवड्याभरात गरगरायचं थांबलं. मार्चमध्ये मी निघाले.

निघायच्या दिवशी गल्ली गोळा झाली. मी एकेकाच्या पाया पडत होते, पण सगळी गर्दी अक्काभोवती. ती ओट्यावर बसून सांगत होती, “धुयाना डॉक्टरनी त माले पास करी दिधं व्हतं. मीच म्हनं, जाऊ द्या, पोरले पाठाडा.”

शेजारच्या काकूंना अर्धंच ऐकू येतं. त्या माझ्याजवळ आल्या, माझ्या हातावर दही ठेवलं आणि कौतुकानं विचारलं, “तू बी चालनी का अक्कासंगे?”

मी तेव्हा ढगांच्या वर होते. खाली सगळं मऊ पांढरं होतं.

“हो,” मी म्हणाले.

“बरं शे. तिन्हा बोट सोडू नको, बेटा. तू वाट चुकशी.”