फिरतो, पण तापत नाही

आमच्या रेवदंड्याच्या दुकानातून लोक दुरुस्त केलेली मशीनं घेऊन जातात, किस्से मात्र इथंच टाकून जातात. मिक्सरचे आहेत, फ्रीजचे आहेत. पण पहिला नंबर मायक्रोवेव्हचा. या खोक्याने घराघरात जी करमणूक केली, ती टीव्हीलाही जमली नसेल!

*

नागावला होमस्टे चालवणारे एक नाना. तक्रार काय, तर मायक्रोवेव्ह फिरतो, दिवा लागतो, पण अन्न गारच.

मी म्हटलं, "नाना, आतला तापवणारा पार्ट गेलाय. बदलावा लागेल."

"फिरतो ना? दिवा लागतो ना? मग राहू दे!"

"अहो, पाहुणे बोलतील."

"बोलतातच! मी सांगतो, समुद्राचा वारा आहे हो, बाहेर काढल्या काढल्या गार होतं!"

त्या वाऱ्यावर नानांनी अख्खा सीझन काढला.

*

काशीदच्या एका काकूंचं मशीन फार घरघरायचं. मी उघडलं, पंखा साफ केला, बंद केलं, बटण दाबलं. ठार बंद! पुन्हा उघडलं. फ्यूज बघितला, वायरी बघितल्या, घामाघूम झालो. काकू शेजारी बसून शांतपणे लसूण सोलत होत्या.

शेवटी विचारलं, "काकू, लाइट गेलीय काय?"

"न्हाय वो! तुमाला शॉक लागू नये म्हणून मीच मेन स्विच बंद केलाय. सांगायचं व्हतं काय?"

*

चौलच्या निवृत्त गुरुजींचा फोन आला, "आमचं मशीन सरहद्दीवर गेलंय!"

जाऊन बघतो तर स्क्रीनवर 'एल-ओ-सी'. नातीने खेळता खेळता चाइल्ड लॉक लावला होता. मी बटण दाबून धरलं, लॉक उघडला.

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "वाटाघाटी यशस्वी!"

*

अलिबागजवळ मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे. शेठ कट्टर शाकाहारी, येणार फक्त शनिवार-रविवार. बाकीचे दिवस राज्य पांडूचं. पांडू म्हणजे बंगल्याचा राखणदार. तो शेठच्या मायक्रोवेव्हमध्ये सुके बोंबील भाजायचा!

एका शनिवारी शेठने त्यात पॉपकॉर्न केलं आणि मला तातडीने बोलावणं आलं. "हा वास कसला?"

शेठच्या पाठीमागे पांडू हात जोडून उभा. त्याची नोकरी माझ्या जिभेवर!

मी म्हटलं, "वायर जळलीय."

शेठने त्याच दिवशी नवा मागवला. वर म्हणाले, "पांडू, हा जुना तू घेऊन जा घरी."

महिन्याभराने पांडूचा फोन. "भाऊ, फ्रीजची वायर कधी जळते हो?"

*

मुरूडच्या फातिमाखाला घरात एकट्याच असतात. मुलगा इम्रान कतारला नोकरीला. त्यानेच आईसाठी मायक्रोवेव्ह पाठवलेला. एकदा खालांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "बेटा, हा बिघडवून दे."

"बिघडवून?"

"कायमचा! आत मी दागिने ठेवणार. बंद पडलेल्या मशीनला चोर कशाला हात लावील?"

मी आतली वायर काढून दिली. मशीन बिघडवायचं आयुष्यातलं पहिलंच काम!

पुढे इम्रान सुट्टीवर आला. एका दुपारी माझ्या दुकानात हजर, चेहऱ्यावर नुसता आनंद. "अम्मी बहिणीकडे गेलीय. तिला सरप्राइज द्यायचंय. नवीन मायक्रोवेव्ह दाखव. जुना आत्ताच भंगारवाल्याला देऊन आलो."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "आत उघडून बघितलंस?"

"बंद मशीन उघडून काय बघायचं?"

मी सांगितलं, तसा तो पांढराफटक पडला. दोघं बाइकवर निघालो आणि साळावच्या पुलाजवळ भंगाराचा टेम्पो गाठला. पत्र्यांच्या ढिगावर मायक्रोवेव्ह दिसला. इम्रानने वर चढून दार उघडलं. आत नुसती काचेची थाळी! भंगारवाला शपथा घेऊ लागला, "मी हात पण नाय लावला!" इम्रान रस्त्यातच बसला.

घरी आलो तर खाला परतल्या होत्या. इम्रानने मान खाली घालून कसंबसं सुरू केलं, "अम्मी, तुझे दागिने..." आणि त्याला रडूच फुटलं.

खालांनी त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"रडतोस काय? आहेत सलामत. तू सुट्टीवर येणार कळलं, त्याच दिवशी काढून ठेवले मी!"