कॉलनी आणि गावपळण

समुद्राकाठची ती कॉलनी आमच्या ह्यांनी वसवली. हे मूळचे पुण्याचे, धंद्याने बिल्डर. आचऱ्याच्या बाजूचं हे गाव माझं माहेर, म्हणून तर जमीन मिळाली. माझे काका देवस्थानचे मानकरी. सगळ्या गावासमोर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "जावय आमचो आसा. कॉलनीतली माणसां गावचे रीतीन रवतली." ह्यांनीही देवळात हात जोडून मान डोलावली होती. पहिलं घर आमचंच बांधलं.

मग गावपळण आली. देवाचा कौल झाला की आमचं गाव तीन दिवस पार रिकामं होतं. गुरं, कोंबड्या, म्हातारी माणसं घेऊन सगळे वेशीबाहेर झोपड्या घालून राहतात. हिंदू असो, ख्रिश्चन असो, मागे कुणी थांबत नाही.

मी कॉलनीत दारोदार सांगत फिरले. एक निवृत्त साहेब म्हणाले, "अहो, समुद्रासमोर घर घेतलं ते झोपडीत झोपायला?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले ते आमचे हे. "या सगळ्यांचे पाहुणे यायचेत. तू जा, तुझी हौस भागव," म्हणाले. हौस म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडले नाही. पिशवी भरली आणि निघाले.

संध्याकाळी खाडीपलीकडे कॉलनीतले दिवे लागायचे, गाणी ऐकू यायची. काकांच्या झोपडीत मी मान खाली घालून भाकऱ्या थापत होते. कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट काकी बांगड्याचा मोठा तुकडा माझ्याच ताटात वाढायची.

चौथ्या दिवशी देवाने परतायचा कौल दिलाच नाही. गावात माणसं असताना देणार तरी कसा? तान्ही पोरं घेऊन बायका पुन्हा झोपड्यांत शिरल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"काका, माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं.

"गप रव गो बाय," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना वेशीवर गोळा केलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, गावात आता कोणच नाय. ती कॉलनी आणि तिच्यात घर आसलेली माणसां गावची न्हय. आजपासून तेंका तुझ्या गावात धरू नको रे म्हाराजा!"

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि लहानपणापासूनच्या सवयीने माझ्याही तोंडून तेच निघून गेलं.