रोपांचं पत्रक

आमच्या घरी चळवळीची पत्रकं छापून यायची. त्यांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकलो आणि मोठेपणी लोकांना पत्रकं लिहून देऊ लागलो. म्हणून कारंज्याच्या एका नर्सरीवाल्याने मला बोलावलं. त्याची मिरचीची रोपं रोगट निघाली होती आणि गिऱ्हाइकं तुटत होती. मी ऐटीत सल्ला दिला, "माफी मागू नका, माहिती द्या." पत्रकात लिहिलं, रोपं मरतात ती शेतकऱ्याने जास्त पाणी दिल्यामुळे.

पुढे तळेगावच्या बाजारात, स्वतः पिकवलेली भाजी विकणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंनी तेच पत्रक माझ्या हाती दिलं. "चष्मा घरी राह्यला. वाचून दाखव."

मी वाचलं.

"म्हणजे मीच मारली रोपं," त्या म्हणाल्या. "अन् शिव्या त्याले देऊन राह्यली होती."

"नाई काकू. रोपंच रोगट होती. हे खोटं मीच लिहिलं."

"एवढा शिकला, मंग खरं काऊन नाई लिहिलं? तो चुकलं म्हणाला असता, तं पुढच्या सालीही त्याच्याचकडून रोपं नेली असती."

आता कुणी दुकानदार सल्ला मागतो, तेव्हा मी हेच सांगतो. कुठं शिकलो, हे सांगताना मात्र मान वर होत नाही.